माळावरची अळंबी आणि महसुलाचा कागद

थॉमस हार्डीची ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ ही कादंबरी १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला एग्डन हीथ हा माळ माणसांच्या सुखदुःखांच्या कितीतरी आधीपासून तसाच पसरलेला आहे आणि त्यांच्यानंतरही तसाच राहणार आहे, असे वाचताना सतत वाटत राहते. हार्डीने तो दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्याच्या माळांवरून रचला होता. प्रत्यक्षात हे माळ अनादी नव्हते आणि टिकणारेही ठरले नाहीत. १८११ च्या सुमारास डॉर्सेटमध्ये अंदाजे ३० हजार हेक्टर हीथ होते. १९६० मध्ये १० हजार हेक्टर उरले. नॉर्मन मूर या निसर्गशास्त्रज्ञाने जुने नकाशे आणि स्वतःची पाहणी ताडून १९६२ मध्ये हा हिशेब मांडला, तेव्हा उरलेला माळही सलग राहिला नव्हता. शेते, पाइनची लागवड, रस्ते आणि वस्त्या यांच्या मधे त्याचे तुकडे झाले होते.

या माळांवर एक अळंबी उगवते. शास्त्रीय नाव लायकेनोम्फालिया अंबेलिफेरा. टोपी एक ते दोन सेंटिमीटरची, त्यामुळे चालणाऱ्याच्या नजरेत ती सहसा भरत नाही. तिचा इतिहास आणि माळाचा इतिहास एकत्र वाचला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. दोघांच्या बाबतीत शहाण्यासुरत्या माणसांनी एकच चूक केली. समोरची गोष्ट आपापल्या रकान्यात बसवली आणि रकान्याबाहेरचे पाहायचे सोडून दिले.

आधी माळाचे पाहू. हीथ म्हणजे हेदरच्या गुडघाभर झुडपांनी व्यापलेली निकस, आम्ल जमीन. उन्हाळ्याच्या अखेरीस हेदर फुलते आणि दूरवर जांभळा रंग चढतो. एरवी सगळे तपकिरी. मधूनमधून काटेरी, पिवळ्या फुलांची गोर्सची झुडपे, ओलसर खोलगट जागी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर, म्हणजे पीट, आणि कडेला बर्च, ओक, पाइन यांचे आम्ल मातीवरचे रान. पश्चिम युरोपात ब्रिटनपासून हॉलंड, उत्तर जर्मनी, डेन्मार्कपर्यंत असे माळ पसरले होते. पाहणाऱ्याला ते आदिम वाटत. मातीने मात्र वेगळी साक्ष दिली. यॉर्कशरच्या उंच माळांवर ब्राँझयुगातल्या लोकांनी आपल्या मृतांवर रचलेले मातीचे ढिगारे आहेत. जेफ्री डिम्बलबी यांनी त्या ढिगाऱ्यांखालची माती तपासली. वर ढीग पडल्यामुळे ती हजारो वर्षे जशीच्या तशी झाकून राहिली होती. तिच्यात रानातल्या झाडांचे परागकण सापडले. ढिगाऱ्याबाहेरची माती तशी नव्हती. पावसाने तिच्यातले लोह आणि क्षार खाली वाहून नेले होते आणि वरचा थर राखाडी पडला होता. म्हणजे एके काळी इथे रान होते. माणसांनी ते तोडले, जाळले, तिथे गुरे चारली आणि जमीन हळूहळू निकस, आम्ल झाली. हेदर त्यानंतर पसरली.

पुढची तीन-चार हजार वर्षे माळ माळ राहिला तो गावकऱ्यांच्या रोजच्या कामामुळे. मेंढ्या आणि तट्टे चरत होती. गोर्स कापून भट्ट्या पेटत होत्या. हेदरचे झाडू होत, छपरे शाकारली जात. पीट कापून, वाळवून चुलीत जाई. हॉलंड आणि उत्तर जर्मनीत तर याची पुरी व्यवस्थाच होती. दिवसा मेंढ्या माळावर, रात्री खोलगट गोठ्यात. गोठ्यात अंथरायला माळावरचीच ढेकळे, हेदरच्या मुळांसकट खरवडून आणलेली. वर्षभरात लेंड्या आणि ढेकळांचा जो थर साचे तो गावाजवळच्या राईच्या शेतात पडे. काही गावांत अशा शेतांची माती शतकानुशतकांत जवळजवळ मीटरभर उंच झाली आहे. शेत सुपीक होत गेले आणि माळ तेवढाच निकस होत गेला. माळाचे दारिद्र्य हे गावाच्या भाकरीचे दुसरे अंग होते. ते कुणाच्या आळसाने आले नव्हते, हे इथे ठासून सांगायला हवे, कारण पुढे दोनशे वर्षे नेमका तोच आरोप झाला.

आता त्या निकस मातीवर गुडघे टेकून बसू. पीटचा एखादा उघडा, ओलसर काठ किंवा पाइनचा जुना, मऊ पडलेला बुंधा बघावा. त्यावर काळपट हिरव्या दाण्यांचा पातळ लेप असतो. दाणे इतके बारीक की बोट फिरवले तर शेवाळाचा बुळबुळीतपणा वाटतो. भिंगातून पाहिले तर एकेक गोल सुटा दिसतो. प्रत्येक दाण्यात कोकोमिक्सा नावाच्या हिरव्या शैवालाच्या पेशींचा पुंजका असतो आणि त्याभोवती बुरशीच्या पेशींचे कवच. या पेशींच्या कडा वेड्यावाकड्या, एकमेकींत अडकलेल्या असतात. वसंतापासून शरदापर्यंत केव्हातरी, ओल असली की, याच दाण्यांतून फिकट पिवळसर टोप्या वर येतात. मध्यभागी बेंबीसारखा खळगा, कडेला रेघा, खाली देठावर उतरत आलेल्या विरळ पट्ट्या, देठाच्या माथ्यावर जांभळट तपकिरी झाक. बहुतेक अळंब्या पालापाचोळा कुजवून जगतात किंवा झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करतात. हिने आपला सोबती स्वतःजवळ ठेवला आहे. शैवाल उन्हात साखर तयार करते. बुरशी त्याला ओल आणि आडोसा देते. म्हणून जिथे दुसऱ्याला खायला काही नाही अशा उघड्या पीटवर ती जगू शकते.

बुरशी आणि शैवालाचा असा संसार आपल्या स्वयंपाकघरातही आहे. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल तोच प्रकार. जगात दगडफुलांच्या सुमारे २० हजार जाती मानल्या जातात. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांतली बुरशी पेल्यासारखी किंवा बशीसारखी फळे धरणाऱ्या कुळातली. छत्रीची अळंबी धरणारे दगडफूल फारच दुर्मीळ प्रकार आहे, आणि म्हणूनच ते ओळखायला विज्ञानाला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

लिनियसने १७५३ मध्ये या अळंबीला नाव दिले. त्याने पाहिली ती टोपी आणि देठ. पायाशी असलेले हिरवे दाणे शैवालाच्या अभ्यासकांच्या हाती लागले, तेव्हा त्यांनी ते शैवाल म्हणून नोंदवले आणि बोट्रिडिना असे नाव ठेवले. या अळंबीच्या एका उत्तरेकडच्या भावंडाचा पाया दाण्यांऐवजी हिरव्या खवल्यांचा असतो. ते खवले लिनियसचाच विद्यार्थी एरिक अकारियस याने दगडफुलांत घातले. एकाच घरातली माणसे तीन वेगळ्या गावांच्या मतदारयादीत लागावीत तसे झाले. प्रत्येक अभ्यासक आपल्या विषयात पारंगत होता, प्रत्येकाचे वर्णन अचूक होते. पण अळंबी काही दिवस टिकते आणि दाणे वर्षभर राहतात. दोन्ही एकत्र पाहायला ज्याने त्याने आपली हद्द ओलांडायला हवी होती.

हद्द ओलांडली ती स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर याने. दगडफूल ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे, असे त्याने १८६७ मध्ये मांडले आणि मोठा गदारोळ उठला. दगडफुलांचे त्या काळचे सर्वांत जाणते अभ्यासक त्याच्या विरोधात गेले. पॅरिसमध्ये राहणारा विल्यम नायलँडर आणि इंग्लंडमधला पाद्री जेम्स क्रॉम्बी हे त्यांतले कडवे. दोघेही चुकले. पण याच दोघांचे एक ऋण आपण मान्य केले पाहिजे. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातली दगडफुले शहराच्या हवेमुळे नाहीशी होत आहेत, हे नायलँडरने १८६६ मध्येच लिहून ठेवले. क्रॉम्बीने १८८५ मध्ये लंडनला लागून असलेल्या एपिंगच्या रानातील दगडफुलांच्या ऱ्हासावर आणि त्याच्या कारणांवर निबंध लिहिला. सिद्धान्त चुकला तरी त्यांची नजर जमिनीवर होती, आणि त्यांच्या याद्या नसत्या तर काय हरवले हे आज सांगता आले नसते. जुन्या याद्या करणाऱ्यांना हसण्याची जी सवय विद्यापीठांना लागली आहे, ती म्हणूनच चुकीची आहे.

इटलीच्या ओरेस्ते मात्तिरोलो याने १८८१ मध्ये कोरा या उष्णकटिबंधातल्या दगडफुलातली बुरशी अळंबीच्या कुळातली असल्याचे दाखवले. तरीही युरोपच्या स्वतःच्या माळावरची अळंबी तशीच राहिली. १९६२ मध्ये हेल्मुट गाम्स याने लिहिले की बोट्रिडिनाचे दाणे आणि ते हिरवे खवले अळंबीशी जोडलेले आहेत. फिनलंडच्या संशोधकांनी त्याच दशकात त्याचा पाठपुरावा केला. २००२ मध्ये रेडहेड, लुत्झोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटाला आजचे नाव दिले. योगायोग असा की गाम्सचा निबंध, मूरचा डॉर्सेटचा हिशेब आणि डिम्बलबींचे मातीवरचे पुस्तक, तिन्ही १९६२ चेच. माळ काय आहे हे कळले त्याच वर्षी तो किती गेला हेही कळले.

तो गेला कसा, याचे उत्तर अठराव्या शतकात सुरू होते. ब्रिटिश संसदेने १६०४ ते १९१४ या काळात ५,२०० हून अधिक कायदे करून सुमारे ६८ लाख एकर सामाईक जमीन कुंपणाआड घातली. त्यातला मोठा भाग १७५० नंतरच्या शंभर वर्षांतला. हक्क होते चराईचे, सरपणाचे, पीट कापण्याचे. कागदावर मात्र जमीन ‘पडीक’ होती. १७९३ मध्ये स्थापन झालेल्या कृषी मंडळाचे पहिले अध्यक्ष सर जॉन सिंक्लेअर यांनी १८०३ मध्ये, फ्रान्सशी युद्ध चालू असताना, देशातल्या नापीक जमिनीवरही तशीच स्वारी करावी असे आवाहन केले. फिंचलीचे सामाईक रान, हॉन्स्लो हीथ आणि एपिंग ही शत्रूची ठाणी म्हणून त्यांनी नावानिशी सांगितली. हॉन्स्लोचा माळ त्याआधी एकदा विज्ञानाच्या कामी आला होता: १७८४ मध्ये जनरल विल्यम रॉय यांनी ब्रिटनच्या त्रिकोणमितीय मोजणीची पायारेषा तिथेच आखली. त्या रेषेचे एक टोक आज हीथ्रो विमानतळाच्या कडेला आहे. मुंबईहून लंडनला उतरणारा मराठी प्रवासी पहिले पाऊल टाकतो ते याच जुन्या माळाच्या काठावर.

डेन्मार्कची गोष्ट आणखी बोलकी आहे. १८६४ च्या युद्धात देशाने श्लेस्विग गमावले, आणि दोनच वर्षांनी एन्रिको डालगास यांच्या पुढाकाराने हीथ संस्था उभी राहिली. बाहेर गेलेली भूमी आत मिळवायची, या ईर्षेने जटलंडचे माळ नांगरले गेले, त्यांवर स्प्रूस आणि पाइन लावले गेले. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, वनीकरण आयोग आला आणि त्यानेही माळांवर पाइनच्या ओळी उभ्या केल्या. यांतल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. भुकेलेल्यांना धान्य हवे होते, खाणींना लाकूड हवे होते. पण या माळावर काय आहे, हे विचारायची रीतच नव्हती, कारण तिथे काही नाही हे आधीच ठरले होते.

एपिंग वाचले. लॉटन गावच्या टॉमस विलिंगेल या मजुराने आणि त्याच्या घरच्यांनी कुंपण पडल्यावरही फांद्या तोडण्याचा जुना हक्क बजावला; घरातल्यांना तुरुंगात जावे लागले. प्रकरण लंडन शहराच्या महापालिकेपर्यंत गेले, खटले चालले, आणि १८७८ च्या कायद्याने रान लोकांसाठी राखले गेले. हार्डीची कादंबरी त्याच वर्षीची. रान राहिले, तरी हवा राखता आली नाही. रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी आम्ल पावसाविषयी १८७२ मध्येच सविस्तर लिहिले होते. कोळशाच्या धुरावर ब्रिटनमध्ये खरा कायदा आला तो १९५२ च्या डिसेंबरमधल्या जीवघेण्या धुरक्यानंतर, १९५६ मध्ये. पुढे धूर ओसरला, लंडनमध्ये दगडफुले परतली. पण परतणाऱ्यांत मोठा वाटा होता तो नत्र सोसणाऱ्या जातींचा. तोवर हवेतून पडणारी वस्तू बदलली होती.

फ्रिट्झ हाबर याने १९०९ मध्ये हवेतल्या नत्रापासून अमोनिया तयार करून दाखवला. १९१३ मध्ये ओपाऊ इथे त्याचा कारखाना सुरू झाला. या शोधावर आज कोट्यवधी माणसे जेवतात, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मेंढ्यांच्या पायांनी माळावरून शेताकडे जाणारे खत आता उलट वाटेने येऊ लागले. शेणमुताचा अमोनिया आणि वाहनांच्या धुरातले नत्र वाऱ्यावर जाऊन पावसासोबत माळावर पडते. हॉलंडमध्ये गोठे दाटीचे, म्हणून तिथे हे आधी दिसले. नत्र मिळालेली हेदर रसरशीत झाली, तिच्यावर हेदर भुंगेरे तुटून पडले, झुडपे मेली आणि मोकळ्या जागेत गवताने गाद्या धरल्या. १९८० च्या दशकापर्यंत तिथल्या हीथपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग गवताळ झाला होता. गवताच्या जाड गादीखाली उजेड पोहोचत नाही. तिथे शैवालाचा दाणा साखर कशाची करणार?

किती नत्र म्हणजे जास्त? युरोपच्या तज्ज्ञांनी कोरड्या हीथसाठी वर्षाला हेक्टरी १० ते २० किलो अशी मर्यादा धरली होती. २०२२ मध्ये ती ५ ते १५ किलोवर आणली. आपल्याकडे आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. उसाच्या शेतकऱ्याला जे पोते सांडल्यासारखेही वाटणार नाही, त्याने माळ संपतो.

या अळंबीचे बीजाणू मुळीच कमजोर नाहीत. या गटाच्या जनुकांचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात उत्तर ध्रुवाभोवतीच्या खंडांमध्ये त्यांची वारंवार ये-जा झाल्याचे दिसले. स्कॉटलंडच्या पीटवर ही अळंबी आजही सहज सापडते. म्हणजे ती पोहोचू शकते. उतरायला निकस जमीन मात्र हवी. म्हणूनच डच सरकार आज यंत्राने गवताची गादी खरवडते, मेंढ्या पुन्हा माळावर सोडते. पूर्वी जे काम भाकरीसाठी होत होते, ते आता तिजोरीतून पैसे देऊन करावे लागते, आणि वरून पडणारे नत्र थांबले नाही तर काही वर्षांनी पुन्हा करावे लागते. २९ मे २०१९ रोजी डच राज्य परिषदेने सरकारची नत्र-परवान्यांची पद्धत रद्द ठरवली. सुमारे १८ हजार प्रकल्प अडकले, आणि ऑक्टोबरमध्ये शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर हेगमध्ये शिरले. त्या शेतकऱ्यांचा राग आम्हाला समजतो. गोठे वाढवा असे त्यांना सांगणारी धोरणे सरकारचीच होती. निकाल मात्र बरोबर होता. पुढे कधीतरी नत्र कमी करू, या भरवशावर आजचे परवाने देता येत नाहीत.

‘पडीक’ हा रकाना इंग्लंडपुरता राहिला नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर मुंबई इलाख्यात जमिनीची नवी पाहणी झाली. पहिला प्रयत्न फसला, मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी घडी बसवली. माती आण्यांत मोजली गेली, सारा हलका झाला, पडीक जमीन नांगराखाली आली. दुष्काळ आणि जुलमी वसुलीने पिचलेल्या रयतेला त्यातून श्वास मिळाला, हे खरे आहे. पण पिकते किंवा पिकत नाही, एवढीच जमिनीची ओळख कागदावर पक्की झाली. सातबाऱ्यावर पोटखराबा आजही तसाच लिहिला जातो. देशाच्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशासंग्रहात खुरट्या झुडपांची आणि चराईची राने अजून पडीक म्हणून रंगवलेली आहेत. धनगरांच्या मेंढरांनी शतकानुशतके राखलेली सोलापूर-पुण्याकडची गवताळ कुरणे त्यात येतात. कासच्या पठारावर आणि कोकणातल्या सड्यांवर पावसाळ्यात सीतेची आसवे फुलतात. ती बारीक किडे पकडून जगतात, कारण त्या कातळावरच्या मातीत नत्र जवळजवळ नाहीच. तिथे खत पडले तर ती जातील आणि गवत येईल. युरोपच्या माळाने हे करून पाहिले आहे.

आता गायराने आणि माळ वनीकरणाला, सौरप्रकल्पांना, उद्योगांना देण्याची घाई चालू आहे. वीज हवी, रोजगार हवा, याविषयी आमचा वाद नाही. मागणी एवढीच आहे की कोणतेही गायरान, माळ किंवा सडा देण्याआधी जून ते ऑक्टोबर असा निदान एक पावसाळा त्याची पाहणी व्हावी: गवते, फुले, बुरशी, दगडफुले, पक्षी, आणि तिथे कोण कधी गुरे चारते तेही. ती यादी मराठीत लिहून ग्रामसभेपुढे ठेवावी आणि ठरावाला जोडावी. तालुक्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे शिक्षक आहेत, गावात जाणती माणसे आहेत. या कामाला मोठा निधी लागत नाही. ज्यांच्या गावाला गायरान आहे त्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत हा विषय मांडावा.